राजवाद आणि पंडितवाद : हैदराबादच्या वाटाघाटींचा एक विचार

'मिलिन्दपञ्ह' या पालि ग्रंथात वादाचे दोन प्रकार सांगितले आहेत. राजा मिलिन्द संवादाची इच्छा प्रकट करतो, तेव्हा स्थविर नागसेन त्याला विचारतात की, हा वाद पंडितांच्या रीतीने होणार की राजांच्या ? पंडितवादात प्रश्नाची उकल केली जाते, दोष दाखविला जातो, तो मान्यही केला जातो आणि त्यामुळे कोणी कोपत नाही. राजवादात राजा एक गोष्ट ठरवितो व तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यास दंड होतो. राजकीय वाटाघाटींनाही हा भेद लागू पडतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरात स्थायिक झालेल्या अनेक बौद्ध कुटुंबांची मूळ गावे मराठवाड्यात आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातील 'रझाकारी' आणि 'पोलीस ॲक्शन' हे दोन शब्द ज्या वाटाघाटी फसल्यामुळे इतिहासात आले, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केले की, ब्रिटिशांची अधिसत्ता संपताच हैदराबाद स्वतंत्र राहील. संस्थानाची लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ६३ लक्ष होती. तेलंगणाचे आठ, कर्नाटकाचे तीन आणि मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच, असे सोळा जिल्हे त्यात होते. हैदराबाद भारतात कधी सामील झालेच नव्हते, म्हणून त्याला 'फुटून निघालेला प्रदेश' म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. परंतु वादाचा प्रश्न तोच होता.

वाटाघाटींची सूत्रे दोन इंग्रजांच्या हाती होती. लॉर्ड माउंटबॅटन हे मध्यस्थ म्हणून वावरत होते, पण ते भारताचे गव्हर्नर जनरलही होते. सर वॉल्टर माँक्टन हे निजामांचे घटनात्मक सल्लागार होते. दोघांचा जुना परिचय होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये कराराच्या मसुद्याला निजामांच्या कार्यकारी मंडळाने बहुमताने संमती दिली. परंतु २७ ऑक्टोबरच्या पहाटे शिष्टमंडळ दिल्लीस निघण्यापूर्वीच इत्तेहादच्या जमावाने त्यातील सदस्यांच्या घरांना वेढा घातला आणि जाणे रोखले. पंडितवाद तेथेच संपला. पुढे नव्या शिष्टमंडळामार्फत २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा 'जैसे थे करार' झाला. मात्र त्यातून विश्वास निर्माण झाला नाही. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे रोखे दिले, अशी दिल्लीची तक्रार होती. दिल्लीने आर्थिक नाकेबंदी केली, अशी हैदराबादची. १७ जून १९४८ रोजी निजामांनी अखेरचा मसुदाही नाकारला. चार दिवसांनी माउंटबॅटन भारत सोडून गेले.

या साऱ्या चर्चेत ज्यांच्या गावांचे भवितव्य ठरत होते, ते लोक कोठे होते, हा खरा प्रश्न होय. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्या काळात बहुतांश तुरुंगात होते. अस्पृश्य समाजाला स्वतंत्र पक्ष म्हणून स्थान नव्हतेच. दोन्ही बाजूंना त्याची गरज होती ती संख्येसाठी. त्याचे नेतृत्वही दुभंगले होते. जे. एच. सुबय्या यांचे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निजामाच्या विरोधात होते. बी. एस. व्यंकटराव लायक अली मंत्रिमंडळात मंत्री झाले, तर बी. श्यामसुंदर हैदराबादची बाजू मांडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते.

अशा वेळी, जैसे थे करार होत असतानाच, नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्रक काढले. सवर्ण हिंदूंविषयीच्या रागापोटी अनुसूचित जातींनी भारताच्या शत्रूची बाजू घेऊ नये, निजामाला साथ देऊन समाजाच्या नावाला काळिमा लावू नये आणि सक्तीच्या धर्मांतराला बळी पडू नये, असे त्यांनी बजावले. पत्रकाची भाषा कठोर आहे. परंतु आपला समाज दुसऱ्याच्या सौद्यातील मोहरा होऊ नये, ही त्यामागील चिंता लक्षात घेतली पाहिजे.

शेवटी १३ सप्टेंबर १९४८ रोजी सैन्य शिरले व १७ तारखेला निजामांनी शस्त्रसंधी जाहीर केली. रझाकारांच्या अत्याचारांतून मराठवाडा सुटला, ही गोष्ट निर्विवाद आहे. मात्र त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची जी हत्या झाली, तीही तेवढीच खरी आहे. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल अनेक दशके दडून राहिला. राजवादाचा दंड वाटाघाटीत ज्यांना स्थान नव्हते त्यांनाच झाला.

श्रीलंकेतही हेच दिसले. नॉर्वेच्या मध्यस्थीने फेब्रुवारी २००२ मध्ये सरकार व तमिळ वाघ यांच्यात शस्त्रसंधी झाली. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतून हाकललेल्या मुसलमानांना मात्र चर्चेत स्वतंत्र पक्षाचे स्थान मिळाले नाही. एप्रिल २००३ मध्ये वाघांनी चर्चा थांबविली आणि मे २००९ मध्ये युद्धानेच शेवट केला. मध्यस्थ परका असणे हा दोष नव्हे. तो फक्त शस्त्रधाऱ्यांनाच पक्ष मानतो, हा दोष आहे.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास 'मिलिंद' हे नाव मिळाले. ज्या प्रदेशाचे भवितव्य त्यातील प्रजेला न विचारता ठरविले जात होते, तेथील मुलांना प्रश्न विचारण्याचे शिक्षण देणारी संस्था प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या नावाने उभी राहिली. त्या काळच्या आठवणी सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आपापल्या घरी त्या लिहून घेणे हे आपले कर्तव्य आहे. कारण वाटाघाटींच्या दप्तरांत त्यांची नोंद नाही.