विली लोमनचे शेवटचे चोवीस तास

आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरॉस्को थिएटरात पहिल्यांदा झालं. दिग्दर्शक एलिया कझान, विलीच्या भूमिकेत ली जे. कॉब. शेवटचा छोटा प्रवेश सोडला तर सारी गोष्ट एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात घडते. विलीला त्या दिवसात सुटकेची संधी एकदाच नाही, अनेकदा मिळते. तो ती दरवेळी नाकारतो. म्हणून हा घटनाक्रम लावून पाहावासा वाटतो.

सोमवार, रात्र

विली लोमन, वय ६३, नमुन्यांच्या दोन जड पेट्या घेऊन ब्रुकलिनच्या घरी परत येतो. न्यू इंग्लंडला निघाला होता, पण गाडी सारखी रस्त्याखाली उतरायला लागली म्हणून याँकर्सच्या पुढून मागे फिरला. घराभोवती उंच इमारती उठल्या आहेत. परसात आता काही उगवत नाही.

स्वयंपाकघरात एकटाच बडबडत तो जुन्या दिवसांत शिरतो. तरुण विली बायकोला, लिंडाला, विक्रीचा आकडा सांगतो: प्रॉव्हिडन्समध्ये ५००, बॉस्टनमध्ये ७००. ती कागद-पेन्सिल घेऊन कमिशन मांडायला बसते, तसा आकडा घसरत घसरत २०० वर येतो. कमिशन ७० डॉलर आणि थोडी चिल्लर. फ्रिज, धुलाई यंत्र, छप्पर यांचे पैसे द्यायचेच आहेत. विलीचं खोटं लिंडाला कळतं, तरी ती त्याला उघडं पाडत नाही. मला हा अख्ख्या नाटकातला सर्वांत निर्दय क्षण वाटतो, कारण तो प्रेमातून आलेला आहे.

शेजारचा चार्ली पत्ते खेळायला येतो आणि सहज बोलावं तशी नोकरी देऊ करतो. विली अपमान झाल्यासारखा भडकतो. संधी पहिली.

मध्यरात्रीच्या आसपास

लिंडा मुलांना खरं काय ते सांगते. कंपनीने विलीचा पगार बंद केला आहे, आता नुसतं कमिशन. दर आठवड्याला तो चार्लीकडून ५० डॉलर उसने आणतो आणि पगार म्हणून तिच्या हातात ठेवतो. तळघरात फ्यूजच्या डब्यामागे तिला रबरी नळी सापडली आहे, गॅसला जोडण्याजोगी. ती रोज नळी काढते आणि तो यायच्या आत परत ठेवते, कारण विषय काढला तर त्याचा अपमान होईल.

एवढं ऐकूनही घरात नवं स्वप्न रचलं जातं. थोरला बिफ, वय ३४, जुन्या मालकाकडे, बिल ऑलिव्हरकडे, धंद्यासाठी भांडवल मागणार. विली निश्चिंत झोपतो. बिफ नळी काढून घेतो.

मंगळवार, सकाळी १०

मुलं आठलाच बाहेर पडलेली. विली बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपून उठला आहे. विम्याचा हप्ता थकलाय. घराच्या पंचवीस वर्षांच्या कर्जाचा मात्र एकच हप्ता उरलाय.

त्यानंतर, हॉवर्डच्या कचेरीत

विलीचा मालक हॉवर्ड वागनर नव्या वायर रेकॉर्डरवर आपल्या मुलाचा आवाज ऐकवण्यात दंग आहे. विली फिरतीऐवजी न्यूयॉर्कमध्येच काम मागतो. आधी आठवड्याला ६५ डॉलर, मग ५०, मग ४०. १९२८ साली आपण आठवड्याला सरासरी १७० कमवत होतो, असं तो ठासून सांगतो. हॉवर्ड ते तिथल्या तिथे खोडतो. तीसहून अधिक वर्षांची नोकरी संपते.

दुपार, चार्लीच्या कचेरीत

चार्लीचा मुलगा बर्नार्ड भेटतो. शाळेत असताना विलीच्या घरात ज्याची टिंगल व्हायची, तोच. तो सर्वोच्च न्यायालयात खटला चालवायला निघाला आहे आणि हे तो स्वतः सांगतही नाही, चार्ली सांगतो. विली ११० डॉलर मागतो. चार्ली पुन्हा आठवड्याला ५० डॉलरची, फिरती नसलेली नोकरी देऊ करतो. विली नोकरी नाकारतो, पैसे मात्र घेतो. दया त्याला चालते; चार्लीच्या हाताखाली काम करणं म्हणजे आयुष्यभर त्याला हसलो ते चुकलं अशी कबुली, ती चालत नाही.

संध्याकाळी ६ नंतर, फ्रँक्स चॉप हाउस

बिफ ऑलिव्हरकडे सहा तास ताटकळला. ऑलिव्हरने त्याला ओळखलंही नाही. तेव्हा बिफला उमगलं की आपण तिथे कधी विक्रेता नव्हतोच, माल पाठवणारा कारकून होतो. हे बापाला सांगायचंच असं ठरवून तो आलाय. पण विली आधीच सांगून टाकतो की नोकरी गेली आणि लिंडाला सांगायला काहीतरी चांगलं हवं. धाकटा हॅपी खोट्यात भर घालतो. विलीचं मन बॉस्टनच्या हॉटेलातल्या त्या खोलीत जातं, जिथे सतरा वर्षांच्या बिफने त्याला परक्या बाईबरोबर पाहिलं होतं. मुलं दोन मुलींबरोबर निघून जातात. विली वेटरला बियाण्यांचं दुकान विचारतो.

रात्र

टॉर्चच्या उजेडात तो परसात गाजर, बीट पेरतोय आणि मेलेल्या भावाशी, बेनशी, २० हजारांच्या विम्याचा हिशेब करतोय. बिफ नळी टेबलावर आपटतो आणि एकदाचं सगळं बोलतो: मी सामान्य माणूस आहे, तुम्हीही, ते खोटं स्वप्न जाळून टाका. बोलता बोलता तो बापाला धरून रडतो.

शेवटची संधी ही. विलीला रडणं तेवढं कळतं. पोराचं आपल्यावर प्रेम आहे, मग हातात २० हजार आले की तो किती मोठा होईल! गाडी सुरू होते आणि भरधाव निघून जाते.

विलीला हॉवर्डने मारलं, भांडवलशाहीने मारलं, असं म्हणायची पद्धत आहे. हॉवर्डचा अपराध मोठाच. पण अंत्यविधीच्या वेळी बिफ एक आठवण काढतो ती मला जास्त मोलाची वाटते: विलीने घराचा पुढचा ओटा स्वतःच्या हातांनी बांधला होता, आणि त्या ओट्यात त्याच्या साऱ्या विक्रीपेक्षा जास्त विली होता. सिमेंट हातात आलं की हा माणूस खूश असायचा. त्या हुन्नराची त्याने आयुष्यभर किंमत केली नाही.

अंत्यविधीला घरची माणसं, चार्ली आणि बर्नार्ड एवढेच. घराचा शेवटचा हप्ता लिंडाने त्याच दिवशी भरला आहे. विम्याचे पैसे मिळाले की नाही, हे मिलर सांगत नाही.