सरचिटणीसपद आणि पक्षनिष्ठेची परिभाषा

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियातील बोल्शेव्हिक पुढाऱ्यांत स्टालिनचे स्थान पहिले नव्हते. लाल सेनेचा संघटक ट्रॉट्स्की, आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचा अध्यक्ष झिनोव्हिएव्ह आणि तत्त्वचिंतक बुखारिन ह्यांची कीर्ती त्याच्याहून अधिक होती. तथापि १९२९ च्या अखेरीस हे तिघेही सत्ताभ्रष्ट झालेले दिसतात. ह्याचा उलगडा केवळ स्टालिनच्या कपटनीतीने होत नाही. ज्या साधनांनी त्याने प्रतिस्पर्ध्यांना नामोहरम केले, ती बहुतांशी त्यांच्याच संमतीने निर्माण झालेली होती.

पहिले साधन ठरावाचे. क्रोनश्टाटच्या नाविकांचे बंड चालू असताना, मार्च १९२१ मध्ये, पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने लेनिनच्या पुढाकाराने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. दुसरे साधन कचेरीचे. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला. हे पद कारकुनी स्वरूपाचे वाटे. परंतु प्रांतोप्रांतीच्या चिटणिसांच्या नेमणुका ह्याच कचेरीतून होऊ लागल्या. ते चिटणीस अधिवेशनाच्या प्रतिनिधींची निवड आपल्या कह्यात ठेवीत, प्रतिनिधी मध्यवर्ती समिती निवडीत आणि ती समिती सरचिटणिसास कायम करी. असे हे वर्तुळ पूर्ण झाले.

आजारी लेनिनने ४ जानेवारी १९२३ रोजी सांगितलेल्या टिपणात स्टालिनला त्या पदावरून दूर करण्याची सूचना होती. लेनिनच्या निधनानंतर, मे १९२४ मध्ये, ते टिपण पुढाऱ्यांसमोर आले, तेव्हा झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह ह्यांनीच स्टालिनची पाठराखण केली. त्यांना भय होते ते ट्रॉट्स्कीचे.

तिसरे साधन शब्दांचे होय. एप्रिल १९२४ मध्ये स्टालिनने स्वेर्दलोव्ह विद्यापीठात ‘लेनिनवादा’वर व्याख्याने दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कामेनेव्ह व स्टालिन ह्या दोघांनी ‘ट्रॉट्स्कीवाद’ हा लेनिनवादाचा विरोधी पक्ष म्हणून मांडला. एखाद्याच्या मताला ‘वाद’ हे पद जोडले की ते मत न राहता पाखंड ठरते. त्यानंतर प्रतिवाद करावा तर गटबाजीचा आरोप येई. मौन धरावे तर आरोप मान्य केल्यासारखे होई.

हेच शस्त्र पुढे त्याच्या साहाय्यकांवर उलटले. डिसेंबर १९२५ च्या चौदाव्या अधिवेशनात झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह ह्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्या बाजूने ६५ व विरुद्ध ५५९ मते पडली. १९२६ मध्ये त्यांनी ट्रॉट्स्कीशी हातमिळवणी केली. परंतु १९२७ संपण्यापूर्वी तिघेही पक्षाबाहेर गेले. ह्या कामी बुखारिनने स्टालिनला साथ दिली होती. १९२८ मध्ये शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य वसूल करण्यास त्याने विरोध करताच त्याच्या मताला ‘उजवे विचलन’ हे नाव मिळाले. नोव्हेंबर १९२९ मध्ये तो पॉलिटब्यूरोतून गेला.

ह्यांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याचा मतभेद हा अपराध ठरविण्यास हात वर केला होता. मतभेदाला अपराधाचे नाव देण्याचा अधिकार एकदा एका कचेरीकडे गेल्यावर ते नाव कोणास लावावयाचे हे ठरविणे त्यांच्या हाती उरले नाही. झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह ह्यांना १९३६ मध्ये आणि बुखारिनला १९३८ मध्ये देहान्त शासन झाले, तेव्हा लावलेली नावे ‘हेर’ आणि ‘घातपाती’ अशी होती. ती देण्याची रीत मात्र जुनीच होती.