वैमानिकाच्या मागचें आसन

वायुदलांत जाऊं इच्छिणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांपुढें बहुधा वैमानिकच असतो. अधिकारी न होतां आकाशांत जाणाऱ्या माणसाचा इतिहास त्यानें आधीं पाहावा.

१ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिघ रोड येथें हिंदी वायुदलाची पहिली तुकडी चार वापिटी विमानांनिशीं उभी राहिली. वैमानिक क्रॅनवेलला शिकून आलेले अधिकारी; यंत्रें राखणारे ते ‘हवाई शिपाई’. त्यांच्यांतलेच कांहीं जण पुढें वझिरिस्तानांत मागच्या उघड्या आसनावर मशीनगन घेऊन बसत. विमान दुसऱ्याच्या हातीं. पण तें कोसळलें तर मरण दोघांचें सारखेंच!

हरजिंदर सिंग हे अभियांत्रिकी शिकलेले असूनही हवाई शिपाई झाले. दुसऱ्या महायुद्धांत त्यांस अधिकारपद मिळालें आणि पुढें ते एअर व्हाइस मार्शल झाले. मात्र असा चढ विरळा.

आजही हेलिकॉप्टरांतले फ्लाइट गनर वायुसैनिकांतूनच निवडले जातात. आधीं जमिनीवरची विद्या, मग आकाश, हा क्रम जुनाच आहे.

म्हणून पालकांनो, मुलास गणवेशाची भूल पडूं देऊं नका. यंत्राचें कंटाळवाणें काम तो निष्ठेनें करील काय, आणि दुसऱ्याच्या हातीं जीव सोंपवील काय, एवढें त्यास विचारा. विचार करून ‘होय’ म्हणाला, तर त्याची वाट अडवूं नका.