तीन वासुदेव बळवंत

पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे निघाले म्हणजे नेरे गाव लागते. त्याच तालुक्यात, पण पनवेलच्या दक्षिणेस, कर्नाळ्याच्या वाटेवर शिरढोण आहे. या मुलखात ‘वासुदेव बळवंत’ एवढे उच्चारले की पुढे आडनाव कोणी विचारीत नाही. वस्तुतः या नावाचे तीन गृहस्थ महाराष्ट्रात प्रसिद्धीस आले आणि तिघांच्या वाटा तीन दिशांनी गेल्या.

आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते, आणि आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चालही जुनी. त्यामुळे तीच ती नावे घराघरांतून फिरून येत, व माणूस ओळखण्याचा सारा भार आडनावावर पडे.

पहिले वासुदेव बळवंत फडके. जन्म शिरढोणचा, ४ नोव्हेंबर १८४५ चा. पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी करणारा हा गृहस्थ १८७४ साली वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह शाळा काढतो, आणि पाचच वर्षांनी रामोशांची फौज घेऊन सरकाराविरुद्ध उभा राहतो! आई आजारी असता रजा वेळेवर मिळाली नाही, हे शल्य मनात होतेच. १८७६-७७ च्या दुष्काळाने त्यात भर घातली. १८७९ च्या मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पनवेलजवळच्या पळस्प्यावर दरोडा घातला. म्हणजे बंडाची झळ नायकाच्या जन्मभूमीसही लागली. जुलैत कलादगी जिल्ह्यात देवर नावडगी येथे फडके पकडले गेले. जन्मठेपेवर एडनला गेले, तेथील तुरुंग फोडून निसटले, पुन्हा सापडले, आणि १८८३ च्या फेब्रुवारीत १७ तारखेस वारले.

दुसरे वासुदेव बळवंत पटवर्धन हे फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक. आगरकरांच्या मागे काही काळ ‘सुधारक’ त्यांनी सांभाळले. काव्यचर्चा हा त्यांचा प्रांत. शस्त्राशी संबंध नाही. १९२१ साली ते निवर्तले.

त्याच फर्ग्युसनच्या ग्रंथालयात २२ जुलै १९३१ रोजी तिसऱ्याने, वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने, हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या. सोलापुरातील मार्शल लॉ आणि त्यापाठोपाठ १२ जानेवारी १९३१ रोजी तेथील चौघांना झालेली फाशी यांचा राग त्यामागे होता. हॉटसन बचावले, गोगट्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर ते वकील झाले व हिंदुमहासभेच्या राजकारणात वावरले.

तिघांची घराणी निरनिराळी. पण नावाचा मान पहिल्याकडेच राहिला. पटवर्धन ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखले गेले. गोगट्यांची गोष्ट त्याहून विचित्र: लोक त्यांना ‘हॉटसन गोगटे’ म्हणू लागले. ज्याला मारावयास गेले त्याचेच नाव जन्मभर आडनावामागे लागले, आणि ‘वासुदेव बळवंत’ म्हणून हाक मारली की मान वळते ती अजूनही शिरढोणकडेच.