शॉवरच्या काचेच्या दारामागची तीनशे वर्षे

न्हाणीघराचे नूतनीकरण करताना काचेचे दार निवडायची वेळ आली की चर्चा बहुधा दिसण्यावर आणि किमतीवर होते. काच स्वच्छ असावी की धूसर, दार सरकते असावे की बिजागरीचे, मूठ पितळी असावी की पोलादी, हे प्रश्न आधी येतात. ओल्या फरशीवर पाय घसरून माणूस त्या काचेवर आदळला तर काय होईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे समाधानकारक उत्तर मिळवण्यासाठी विज्ञानाला सुमारे तीनशे वर्षे लागली.

या इतिहासाचा आरंभ एका खेळण्यापासून होतो. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याला अश्रूसारखा आकार येतो. गोल डोके आणि मागे बारीक शेपटी. राजपुत्र रुपर्टने असे थेंब इंग्लंडमध्ये आणले आणि १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने ते परीक्षणासाठी रॉयल सोसायटीकडे पाठवले. थेंबाच्या डोक्यावर हातोडा मारला तरी ते फुटत नसे. शेपटीचे टोक मोडले की मात्र क्षणात संपूर्ण थेंबाचा भुगा होई. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात या कोड्याचा विचार केला.

कोड्याचे उत्तर थंड होण्याच्या क्रमात आहे. पाण्यात पडताच काचेचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो. आतला गाभा सावकाश थंड होतो आणि आकसू पाहतो. पण बाहेरचे घट्ट कवच त्याला पुरते आकसू देत नाही. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली. काच अशी आपल्याच आत एक बळ कोंडून ठेवते.

या कोंडलेल्या बळाचा व्यवहारात उपयोग करण्याचा उल्लेखनीय प्रयत्न फ्रान्समध्ये रॉयर द ला बास्ती यांनी १८७४ च्या सुमारास केला. तापवलेली काच ते गरम तेलाच्या कुंडात बुडवत. भांडी खरोखरच मजबूत होत; परंतु त्यांपैकी काही कोणीही हात न लावता अचानक फुटत. काच मजबूत करणारी आणि तिचा भुगा करणारी शक्ती एकच आहे, हे त्या भांड्यांनी दाखवून दिले.

काच मुळात का फुटते, याचा उलगडा विसाव्या शतकात होऊ लागला. जाड काचेवर धातूची गोळी आदळली की पृष्ठभागावर वर्तुळाकार भेग पडते आणि ती शंकूच्या आकारात आत पसरते. या आकृतींविषयीचे टिपण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९२१ मध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी मूळ कारण मांडले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म चरे असतात आणि ताण आला की तो त्यांच्या टोकांशी एकवटतो. पृष्ठभाग आधीच दाबाखाली असेल, तर बाहेरच्या ताणाला प्रथम तो दाब संपवावा लागतो. तोवर चऱ्याचे तोंड मिटलेलेच राहते. टफन्ड काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते, ती यामुळे. आज ती सहाशे अंश सेल्सिअसहून अधिक तापवून दोन्ही बाजूंनी हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात.

शॉवरच्या दारासाठी त्या ताकदीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो फुटण्याचा प्रकार. साधी काच फुटते तेव्हा लांब, सुरीसारखे तुकडे पडतात आणि उघड्या अंगावर ते खोल जखमा करतात. टफन्ड काचेत भेग गाभ्यातील ताणापर्यंत पोहोचली की तिला फाटे फुटत जातात आणि काचेचे बारीक, बोथट कडांचे दाणे होतात. अमेरिकेने १९७७ मध्ये लागू केलेल्या सुरक्षा नियमात शॉवर आणि बाथटबच्या दारांचा नावानिशी उल्लेख आहे. त्यातील चाचणीत सुमारे ४५ किलो वजनाची, छऱ्यांनी भरलेली चामडी पिशवी काचेवर आदळवतात. ती पिशवी म्हणजे घसरून पडणाऱ्या माणसाची प्रतिकृतीच होय.

ला बास्तींच्या भांड्यांसारखे आपोआप फुटणे मात्र पुढेही पूर्णपणे थांबले नव्हते. मेलबर्नमधील एका उंच इमारतीच्या टफन्ड काचा अशा फुटू लागल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या बॅलंटाइन यांनी १९६१ मध्ये गुन्हेगार शोधून काढला. तो होता निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण. काच झपाट्याने थंड होताना हा कण आपल्या उच्च तापमानाच्या रूपातच अडकून पडतो. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी तो रूप बदलतो आणि किंचित फुगतो. ताणाखालच्या गाभ्यात तेवढे पुरते. म्हणून काही उत्पादक काच बसवण्यापूर्वीच ती भट्टीत सुमारे २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवतात. ज्या काचेला फुटायचे आहे, ती शक्यतो तिथेच फुटावी, हा हेतू.

दार निवडताना हा सगळा इतिहास उपयोगी पडतो. भारतात सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे. त्याची न पुसणारी खूण काचेच्या कोपऱ्यावर आहे का, हे प्रथम पाहावे. पोलरॉइड चष्म्यातून, योग्य कोनातून पाहिल्यास टफन्ड काचेवर बहुधा फिकट-गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात. तो कोंडलेल्या ताणाचाच नकाशा असतो. बिजागरीची छिद्रे टफनिंगपूर्वीच पाडलेली असावी लागतात, कारण नंतर छिद्र पाडू गेल्यास सगळी काच फुटते. म्हणून मापे आधीच काटेकोर घ्यावीत. काचेची कड हा तिचा सर्वांत नाजूक भाग. तिथे धातू थेट टेकू नये, मध्ये रबर असावे. १० मिलिमीटर जाडीचे, ७० सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर उंच दार ३५ किलो भरते. तेवढा भार पेलणारी बिजागरी आणि भक्कम भिंत हवी. फुटल्यावर दाणेही खाली पडू नयेत असे वाटत असेल, तर दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी.

जुन्या घरांतील दारांना आणि खिडक्यांना अजूनही साधी काच असू शकते. नव्या दाराचा रंग ठरवण्यापूर्वी त्या जुन्या काचेच्या कोपऱ्यावर खूण आहे का, एवढे पाहिले तरी एखादी खोल जखम टळू शकते.