खणापासून टेम्प्लेटपर्यंत

आमच्या मराठवाड्यात जुनी माणसं घर चौरस फुटांत सांगत नसत. ‘पाच खणांचं घर’ म्हटलं की गवंडी, सुतार आणि घरमालक, तिघांनाही अंदाज यायचा. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. लाकूड मिळेल तेवढी खोलीची रुंदी. कागदावर रेघ न मारताही घराचा साचा ठरलेला असे.

आता हा साचा संगणकात गेला आहे. ऑटोकॅड १९८२ साली आलं, आणि पुढे नकाशाची सुरुवात टेम्प्लेटवरून, म्हणजे आधी मांडून ठेवलेल्या कोऱ्या नमुन्यावरून करण्याची रीत पडली. एकक, भिंती-दारांचे लेयर, अक्षरं, मापं दाखवायची पद्धत, सगळं त्यात आधीच असतं. अनुभवी माणूस ते बदलून घेतो. नवशिक्याला मात्र तो नमुनाच नियम वाटतो. मिलिमीटरचा नमुना उघडून तो वीस फुटी खोलीसाठी २० टाकतो आणि बोटाच्या पेराएवढी खोली काढून बसतो!

साचा आधीच ठरवून टाकतो म्हणजे काय, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. पुनर्वसनात जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं ठरली. हजारो कुटुंबं उघड्यावर होती. नमुना आराखड्यांशिवाय एवढं काम उरकलं नसतं, हे मान्यच करायला हवं. पण शहरी वसाहतीसारखे सरळ रस्ते आणि ओळीत घरं आली, तशी वाड्यातली चौकाची जागा गेली. ज्या घरांत पडदा पाळतात तिथे बायांचा दिवस त्याच चौकात जायचा. पुढे लोकांनी आपापल्या हातांनी आडोसे उभे केले, खोल्या वाढवल्या. आराखड्यात जे नव्हतं ते असं मागून आलं.

नांदेडच्या एका ओळखीच्या ड्राफ्ट्समनने नव्या मुलांसाठी टेम्प्लेट करायला घेतलं तेव्हा शब्दांचं काम माझ्याकडे आलं. एकक फूट-इंच ठेवलं, कारण गवंडी तेच बोलतो. लेयरची नावं मराठीत: भिंत, दार, खिडकी, पायरी. सॉफ्टवेअरच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून अक्षरांसाठी युनिकोड फॉन्ट आधीच लावून दिला. अंगणाची चौकट नमुन्यातच आहे. नको त्याने पुसावी.

उत्तरेच्या बाणाशेजारी किब्ल्याचाही बाण आहे, आपल्याकडे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. संडासाचं तोंड किंवा पाठ तिकडे नको, हे घरमालक भिंती उठल्यावर सांगतो आणि मग तोडफोड होते. बाणाचा लेयर छपाईत बंद ठेवला आहे, त्यामुळे मंजुरीच्या नकाशावर तो उमटत नाही.