इंग्रजीतील उपपदे व परिमाणदर्शक शब्द

नामाची निश्चितता, संख्या वा प्रमाण दाखवण्यासाठी इंग्रजीत नामापूर्वी येणारे शब्द. ‘अ’ व ‘ॲन’ ही अनिश्चित, तर ‘द’ हे निश्चित उपपद होय. ‘ॲन’ व ‘वन’ हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाच्या एकाच शब्दापासून आले. म्हणून अनिश्चित उपपद फक्त गणनीय एकवचनी नामापूर्वी येते. त्याची निवड उच्चारावरून होते : ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘द’ मात्र गणनीय व अगणनीय अशा दोन्ही प्रकारच्या नामांना लागते.

गणनीय अनेकवचनी नामांपूर्वी ‘मेनी’, ‘फ्यू’ आणि अगणनीय नामांपूर्वी ‘मच’, ‘लिटल’ येतात. ‘सम’, ‘एनी’ दोहोंबरोबर चालतात. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, तर ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत.

मराठीत ‘पुष्कळ पाणी’ आणि ‘पुष्कळ माणसे’ यांत एकच शब्द चालतो. ‘एक सल्ला’ही म्हणता येते. इंग्रजीत मात्र ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ ही नामे अगणनीय आहेत. त्यामुळे ‘ॲन ॲडव्हाइस’ किंवा ‘फर्निचर्स’ ही रूपे चुकीची ठरतात. एक सल्ला सांगताना ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ असे म्हणावे लागते.